रडणारे नातेवाईक गेले कुठे?

१

म्हातारा मेला होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तो मरणारच होता, पटकथेत तसं लिहिलंच होतं. तक्रार होती ती त्याच्याभोवती रडणाऱ्या नातेवाइकांबद्दल. काल संध्याकाळपर्यंत ते सगळे पडद्यावर धाय मोकलून रडत होते आणि आज सकाळी त्यांतला एकही जागेवर नव्हता.

वहिनी खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता पडद्यासमोर उभी राहिली. दिवाणखाना होता तसा होता. पलंग होता, पलंगावर म्हातारा होता, उशाशी फुलदाणी होती. पण पलंगाभोवती जे पंधरा-वीस लोक होते, त्यांच्या जागी नुसता गालिचा. थोरली सून गेली, धाकटी सून गेली, दारात उभे असलेले शेजारी गेले. उरला होता फक्त चित्रपटाचा नायक, म्हणजे म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा. तो पलंगाशेजारी ताठ उभा होता. आणि वरून खाली डोकावणारा माईकचा दांडाही शिल्लक होता. वास्तविक पुसून टाकायचा होता तो दांडा!

"एवढं घरातलं मोठं माणूस गेलं आणि भेटायला कुणी नाही," कात्री म्हणाली. तिला आधी हसू आलं आणि मग एकदम रडूच कोसळलं.

तिचं रडू खरं होतं. या स्टुडिओत चित्रपटांच्या करामती व्हायच्या. चित्रीकरण हिरव्या कापडासमोर करायचं आणि मागे डोंगर, दर्या, महाल काय हवं ते इथे लावायचं. त्यासाठी आधी माणसाची कड कापून काढावी लागते, एकेका चित्रातून, केसान्‌केस. हे काम कात्रीचं, म्हणून तिचं नाव कात्री. त्या रडणाऱ्या मंडळींच्या कडा कापण्यात तिनं महिना घातला होता. धाकट्या सुनेच्या बटा कापताना तर तिनं त्या सुनेला इतक्या शिव्या दिल्या होत्या की आता ती तिला घरचीच वाटायला लागली होती.

"सगळ्या शॉटमध्ये असंच आहे?" वहिनीनं विचारलं.

"सगळ्या. एका शॉटमध्ये म्हाताऱ्याच्या बहिणीचा हात राहिलाय. पलंगाच्या कठड्यावर. पुढे बाई नाहीच, नुसता हात."

"अगं बाई!"

"मी पण तेच म्हटलं."

चार वाजता दिग्दर्शक हा प्रसंग बघायला येणार होते. वहिनीला ते चांगलं ठाऊक होतं, कारण कोण कधी येणार, कुणाचं काम कुठवर आलं आणि कोण थापा मारतंय, हे बघणं हेच तिचं काम. स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा. नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून तिला सगळे वहिनी म्हणायचे, आणि यात कुणाचा काही इलाज नव्हता.

दादाच्या केबिनचं दार धाडकन उघडलं. आतल्या छोट्या पडद्यावर त्यानंही ते बघितलेलं दिसत होतं. कान लाल झाले होते.

"कुणी केलं हे?" तो गरजला. "ज्यानं केलं त्यानं आज दिग्दर्शक गेले की आपलं सामान उचलायचं आणि चालू लागायचं! मग तो कुणी का असेना. माझा सख्खा भाऊ असला तरी!"

नेमकं त्याच वेळी बाहेरचं दार उघडलं आणि बिस्कीट खात सख्खा भाऊ आत आला.

२

दादाच्या या धाकट्या भावाला सगळे झटपट म्हणायचे. दिवसाचं काम चहाच्या एका कपाच्या वेळात उरकायचं, हा त्याचा धर्म. फायलींना नावं देणं कंटाळवाणं होतं, तर त्यानं आपोआप नावं देणारं प्लगइन लिहिलं. रंग जुळवायला अर्धा दिवस जायचा, तर त्यानं ते एका कळीवर आणलं. त्याच्या शॉर्टकटांवर सगळा स्टुडिओ चालायचा आणि त्याच शॉर्टकटांवरून त्याला सगळा स्टुडिओ बोलायचा. दादा तर रोज बोलायचा. दादाची पद्धत वेगळी. त्याचा 'सेव्ह केलं का?' हा प्रश्न म्हणजे इतरांचं 'कसं काय, बरं आहे ना?' येताना विचारायचा, जाताना विचारायचा. सगळे घाबरून 'केलं, केलं' म्हणायचे. झटपट मात्र पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "दादा, माझं मशीन नशीबवान आहे. आपण कधी सेव्ह करत नाही आणि आपलं कधी काही जात नाही." आणि खरंच जायचं नाही. गेल्या महिन्यात भर कामात वीज गेली तेव्हा सगळ्यांनी डोक्याला हात लावले. झटपट तेवढा शीळ घालत बसला होता.

आता मात्र पडद्याकडे बघताच त्याचं बिस्कीट ओठांशी थांबलं.

"मला काय माहीत?" तो म्हणाला.

अजून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. हे वहिनीच्या लगेच ध्यानात आलं. घरी दुधावरची साय कुणी खाल्ली हे ती चेहऱ्यांवरून ओळखायची, आणि घरात साय खाणारे हेच दोघे भाऊ होते.

"हे हातानं केलंय कुणीतरी," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले. मास्तर इथले सर्वांत जुने. माणसं, महाल, धूर, आग सगळं एकत्र जोडून चित्र पुरं करणं त्यांच्याकडे होतं. त्यांचा शॉर्टकटांवर राग होता. कळफलक फक्त नाव लिहिण्यापुरता असतो, बाकी सगळं माउसनं, यादीत शोधून, सावकाश करायचं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. "निवडून निवडून पुसलंय. सूड आहे हा. माझं ऐका."

"म्हाताऱ्याच्या नातेवाइकांवर कोण सूड उगवणार, मास्तर?"

"नाटकसिनेमात काय सांगता येतंय."

वहिनीनं आधी कामाचं बघितलं. मूळ चित्रीकरण शाबूत होतं. कात्रीनं कापलेल्या कडाही तिच्या मशीनवर शाबूत होत्या. गेलं होतं ते जोडून तयार झालेलं काम. मास्तर आणि कात्रीनं सगळं सोडून परत जोडायला घेतलं, तर चारपर्यंत ते जेमतेम उभं राहणार होतं. तसं ती म्हणाली आणि दोघं कामाला लागलीसुद्धा. म्हणजे शॉटचं निभावणार होतं. पण दादानं चारचौघांत तोंडातून शब्द काढला होता, आणि दादाचा शब्द म्हणजे गाठ. तो बघत होता भावाकडे.

"अहो, मला चारपर्यंत वेळ द्या," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "मी शोधून काढते."

"शोधायचंय काय त्यात?" म्हणत दादा केबिनमध्ये गेला. पण दार त्यानं हळू लावलं, म्हणजे वेळ दिला होता.

वहिनी चहाच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. म्हातारा, फुलदाणी, माईकचा दांडा, एका बाईचा हात आणि नायक. सूड उगवणाऱ्याला फुलदाणीचा कसला पुळका? आणि दांडा तर काढायचाच होता, तो का ठेवला? कठडा घट्ट धरून बसलेली ती बहीण तिला आठवली. बाई सारखी मागेपुढे डुलत होती, पण हात होता तिथेच होता.

कपात पाणी भरायला मास्तर आले.

"मास्तर, हा नायक अभिनय कसा करतो हो?"

"करतो कुठे?" मास्तर म्हणाले. "नुसता उभा राहतो. पापणी हलवायलाही कुरकुरतो."

वहिनीनं हातातला कप खाली ठेवला. ती तडक बाहेर जिन्यात गेली. झटपट तिथे कठड्याला टेकून उभा होता आणि नखं खात होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "जे जे हललं ते ते गेलं. जे गप राहिलं ते वाचलं. मेलेला माणूस हलत नाही, फुलदाणी हलत नाही, दांडा धरणारा पोऱ्याही पक्का असणार, आणि आपला नायक तर काय विचारूच नका. हे माणसाचं काम नव्हे. माणूस दांडा ठेवून सून पुसणार नाही. हे तुमच्या कुठल्यातरी यंत्राचं काम आहे. खरं की नाही?"

झटपटचा चेहरा पडला.

"झाडू," तो म्हणाला. "माझं नवं प्लगइन. गर्दी काढून मागची जागा रिकामी करायला बनवला. हलणारं सगळं झाडून काढतो. वहिनी, झाडू माझाच आहे गं. पण आईशप्पथ, मी मारला नाही."

वरच्या पायरीवर चपला वाजल्या. दोघांनी मान वर केली. दादा उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

३

"झाडू तुझा," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "मशीन तुझं. मी आत्ताच बघून आलो, काल संध्याकाळी निघायच्या सुमाराला तुझ्याच मशीनवरून सगळे शॉट झाडले गेलेत. अजून काय पाहिजे?"

"दादा, मी तेव्हा खाली चहाला गेलो होतो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

"वा!"

"अरे, ऐक तरी. दांडा कुठे कुठे दिसतो ते बघायला मी सगळे शॉट एकदम उघडले होते. झाडू तयार ठेवला होता. परत येऊन एका शॉटवर चालवून बघणार होतो. पण चहा लांबला, म्हटलं उद्या बघू, वर आलो, दिवे मालवलेले होते, अंधारात पिशवी उचलली आणि घरी गेलो."

"आणि झाडू आपला आपण चालला? तुमची ती चौकट येते ना, 'नक्की करू का?' म्हणून विचारते ती?"

झटपटनं मान खाली घातली. "ती मी काढून टाकली."

"काढून टाकली?"

"दर वेळी 'हो' म्हणण्यात वेळ जातो रे. आणि झाडून झालं की तयार शॉटच्या जागी झाडलेला शॉट तो आपोआप नेऊन ठेवतो. तेवढाच वेळ वाचतो."

दादानं कपाळावर हात मारून घेतला. "वेळ वाचतो! सगळं तयार काम गेलं आणि याचा वेळ वाचतो! हे बघ, तुझं वेगळं, माझं वेगळं. दिग्दर्शक येऊन गेले की तुझा कीबोर्ड घे आणि तुझा मार्ग धर. घरीही आता वरच्या खोलीत वेगळी चूल मांड काय मांडायची ती."

"मांडतो!" झटपटही आता पेटला. "मला काय हौस आहे रोज बोलणी खायची? मी केलेलं नाही, पण तुला पटायचंच नाही. जातो मी!"

तो तणतणत आत गेला आणि आपल्या टेबलापाशी वायरी गुंडाळायला लागला. दादा केबिनमध्ये गेला. वहिनी मधल्या पायरीवरच उभी राहिली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत होता. दोघा भावांचं तोंडानं कधी पटलं नाही, पण जेवायला एक आला नसेल तर दुसरा ताट पुढे ओढायचा नाही. हे दोघं वेगळे झाले तर घरी सासूबाईंच्या तोंडाकडे बघवणार नव्हतं. आणि वेगळे झाल्यावर दोघांपैकी एकही आपणहून हाक मारणार नव्हता, हे वहिनीला पुरतं माहीत होतं. दोघांची हाडं एकाच मातीची.

ती आत आली तेव्हा झटपट माउस पिशवीत टाकत होता.

"ठेवा तो परत," ती म्हणाली. "चार वाजले नाहीत अजून."

"वहिनी, तू उगाच त्रास करून घेऊ नकोस."

"त्रास मी काय करून घ्यायचा आणि काय नाही, ते माझं मी बघीन. सगळ्या वायरी होत्या तशा लावा. आणि तोंड बंद."

४

मास्तरांना तिनं काम करता करताच विचारलं.

"मास्तर, हा झाडू तुम्हाला चालवता येईल?"

"कुठल्या यादीत आहे?"

"यादीत नाही म्हणतात भाऊजी. फक्त कळ दाबून चालतो."

"मग मला जन्मात सापडायचा नाही," मास्तर अभिमानानं म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. नवीन फाईल उघडायलाही ते वरच्या यादीत जाऊन चष्मा सारखा करत, आणि ती उघडेपर्यंत बाकीच्यांचा चहा व्हायचा.

कात्रीची खुर्ची झटपटच्या समोरच होती. तिच्याकडे कारण होतं. झाडूसारखी यंत्रं आली तर हातानं कडा कापणारीला विचारणार कोण, असं ती परवाच म्हणाली होती. वहिनीनं ते स्पष्टच विचारलं.

"म्हणून मी माझंच महिन्याचं काम पुसू?" कात्री उसळली. "धाकट्या सुनेच्या बटा, वहिनी! एकेक बट! मी त्या झाडूवाल्याला झोडलं असतं, सुनेला हात लावला नसता."

"बरं बरं. काल संध्याकाळी भाऊजी खाली गेल्यावर त्यांच्या जागेवर कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही. त्यांची ती अवजड पिशवी खुर्चीत होती. मी शेवटी निघाले, तोवर ती तशीच होती. म्हणजे ते स्वतःही बसले नाहीत."

"तिथून गेलं कोण कोण?"

"सगळेच! दाराची वाटच तिथून आहे. मास्तर डबा घेऊन गेले. तुम्ही एसी बंद करायला आलात. दादा गेले. मी गेले."

वहिनी मुकाट्यानं झटपटच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. खुर्चीत पिशवी, म्हणजे दाबणाऱ्यानं उभ्याउभ्याच दाबलं होतं. झटपट तर मांडी घातल्याशिवाय एक अक्षर लिहायचा नाही. ज्याला वाटोळं करायचंय तो निदान पडद्याकडे बघतो, नीट झालं की नाही त्याची खात्री करतो. इथे तर कात्रीसमोरून कुणीतरी चालता चालता हात लावून गेलं आणि तिला वावगं वाटलं नाही. म्हणजे तो हात रोजच तिथे पडत असणार. रोज बघितलेली गोष्ट कुणाला दिसत नाही. आणि ज्याचा हात, त्याला आपण झाडू मारला याचा पत्ताही नसणार.

दुसऱ्याच्या मशीनवर, उभ्याउभ्या, न बघता, माणूस कुठली कळ दाबेल?

"भाऊजी, झाडू कुठल्या कळीवर ठेवला होता?"

"कंट्रोल आणि एस," झटपट म्हणाला. "कालच दुपारी ठेवला. माझ्याकडे ती जोडी रिकामीच पडलेली असते."

मास्तर खुर्चीत गर्रकन वळले. कंट्रोल आणि एस म्हणजे सेव्ह, हे मास्तरांनासुद्धा माहीत होतं.

"तुम्ही सेव्हच्या जागी झाडू ठेवलात?" कात्री किंचाळली.

"मी सेव्ह करतच नाही तर काय करू? एवढी सोयीची कळ फुकट जात होती!"

"आणि गेली कित्येक वर्षं तुमचं कधी काही गेलं नाही," वहिनी सावकाश म्हणाली.

"नाही. मशीन नशीबवान—"

"भाऊजी, मशीनला नशीब नसतं. तुम्ही सेव्ह करत नाही आणि तुमचं जात नाही, याचा अर्थ तुमचं सेव्ह दुसरं कुणीतरी करतंय. रोज. जाता-येता. आणि काल त्यानं रोजच्यासारखं सेव्ह केलं."

झटपट तिच्याकडे बघतच राहिला. "कोण?"

वहिनीला उत्तर मिळालं होतं, पण ते सांगायच्या आधी तिनं केबिनच्या दाराकडे बघितलं. कारण ज्यानं केलं तो आज सामान उचलून जाणार, असं सगळ्यांसमोर त्याच माणसानं सांगितलं होतं.

५

नुसतं सांगितलं असतं तर दादा कबूल झाला नसता. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, पण ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. आपण दाराची कडी लावली की नाही, हे माणसाला आठवतं का? तेव्हा वहिनीनं झटपटला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मागे नवीन कॅमेरा तपासायला तुम्ही आपलं ऑफिस टिपलं होतंत, ते लावा. आणि झाडू तयार ठेवा, कालच्यासारखा. पिशवी खुर्चीत. कारण विचारायचं नाही."

झटपटनं तसं केलं. पडद्यावर ऑफिस दिसायला लागलं. त्यात दादा फोनवर बोलत येरझारा घालत होता, कात्री हातवारे करत होती, वहिनी कुणाला तरी रागावत होती, झटपट कॅमेऱ्यापुढे नाचत होता आणि कोपऱ्यात मास्तर जेवणानंतर खुर्चीत लवंडले होते.

मग तिनं नवऱ्याला बोलावलं.

"सापडला?" दादा बाहेर येत म्हणाला.

"सापडल्यासारखं आहे. इथे या, इथूनच दाखवते."

दादा टेबलाशेजारी उभा राहिला. समोरच भाऊ दिसल्याबरोबर त्याची टकळी सुरू झाली. काम म्हणजे काय, जबाबदारी म्हणजे काय, आपण सुरुवात केली तेव्हा एक मशीन होतं आणि ते दोघांत कसं वापरलं, वडिलांनी काय शिकवलं, सगळं झालं. वहिनीनं त्याला मनसोक्त बोलू दिलं.

"बरं, आता राहू दे," ती अखेर म्हणाली. "आधी दोन घास खाऊन घ्या. डबा उघडलाय आत."

"हं. चला," दादा म्हणाला आणि वळला. वळता वळता त्याचा डावा हात खाली गेला, कळफलकावर टप्प करून पडला आणि उचलला गेला. त्यानं तिकडे बघितलंही नाही. तो दाराकडे चालायला लागला होता.

"अहो," वहिनी म्हणाली. "मागे बघा."

पडद्यावरचा दादा फोनसकट विरघळला. मग कात्री गेली. मग वहिनी गेली, बोट उगारलेलं असतानाच. नाचता नाचता झटपट गेला. रिकाम्या ऑफिसात एकटे मास्तर उरले, हात पोटावर, तोंड उघडं.

"मी काही हललो नव्हतो," मास्तर म्हणाले.

कुणीही हसलं नाही. दादा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा तरी त्याला चुकून लावला होता.

"तू?" झटपट म्हणाला. "माझं सेव्ह तू करतोस?"

दादानं नुसती मान हलवली.

"कधीपासून?"

"तू आलास त्या वर्षापासून," दादा म्हणाला. "पहिल्याच वर्षी तुझं सगळं काम गेलं होतं. आठवतंय? जिन्यात जाऊन रडत बसला होतास. तुला वाटलं कुणी बघितलं नाही. मी वरच्या जिन्यात होतो."

"मग सांगायचं ना मला, सेव्ह करत जा म्हणून!"

"रोज सांगतो! येताना सांगतो, जाताना सांगतो! ऐकतोस तू?" दादा ओरडला आणि ओरडता ओरडताच त्याचे डोळे भरून आले. "ऐकत नाहीस. मग काय करू? रडू देऊ परत?"

झटपट खाली मान घालून उभा राहिला. कात्रीनं ओढणी नाकाला लावली होती. मास्तर चष्मा पुसत होते.

मग दादानं जे केलं ते फक्त दादाच करू जाणे. तो केबिनमध्ये गेला, आपली बॅग घेतली आणि बाहेर आला.

"मी शब्द दिला होता. ज्यानं केलं त्यानं जायचं. दिग्दर्शक येऊन गेले की मी निघतो."

"कुठे?" वहिनीनं विचारलं.

यावर दादानं विचार केलेला नव्हता.

"ठेवा ती बॅग खाली!" वहिनीचा बांध फुटला. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं बाहेर पडलं. "एकानं सेव्हची कळ काढून घ्यायची आणि सांगायचं नाही. दुसऱ्यानं चोरून सेव्ह करायचं आणि सांगायचं नाही. आणि दोघांनी वेगळ्या चुली मांडायच्या! तुम्हाला दोघांना भातात मीठ किती घालायचं ते तरी माहीत आहे का? जायचंच असेल तर दोघंही जा. मी आणि कात्री चालवतो स्टुडिओ. मास्तर आहेतच."

"मी आहे," मास्तर म्हणाले.

दादानं बॅग खाली ठेवली.

६

चारला दिग्दर्शक आले. तोवर नातेवाईक आपापल्या जागी परत येऊन रडायला लागले होते आणि माईकचा दांडा मास्तरांनी माउसनं, सावकाश, हातानं पुसला होता. दिग्दर्शकांनी प्रसंग दोनदा बघितला.

"छान जमलंय," ते म्हणाले. "फक्त आपला नायक फार ताठ वाटतो. त्याला जरा हलवता येईल का?"

"त्यासाठी अजून प्लगइन निघालेलं नाही, सर," झटपट म्हणाला, आणि या वेळी दादाच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

दिग्दर्शक गेल्यावर सगळे मुकाट्यानं आपापल्या कामाला लागले. भावाभावांत पुढे काही बोलणं झालं नाही. वहिनीनं दोघांकडे दोनतीनदा बघितलं, पण दादा केबिनमध्ये कागद चाळत होता आणि झटपट पडद्यात डोकं घालून बसला होता. तिला वाटलं, बोलतील तेव्हा बोलतील.

निघायची वेळ झाली. दादा बॅग घेऊन बाहेर आला. झटपटच्या टेबलापाशी आल्यावर त्याची पावलं जरा अडखळली. मग त्यानं डावा हात पँटच्या खिशात घातला, खोल घातला, आणि छताकडे बघत तिथून पुढे गेला. वहिनीला त्याची इतकी कीव आली की तिनं पर्सची चेन उगाचच दोनदा लावली.

"दादा," झटपटनं हाक मारली.

दादा दारात थांबला.

झटपटनं पाय खाली सोडले आणि चाकाची खुर्ची मागे सरकवली. कळफलकापुढची जागा रिकामी झाली.

"झाडू काढला तिथून," तो म्हणाला. "सेव्ह परत होतं तिथे ठेवलंय."

"मग कर की."

"मी नाही करत," झटपट म्हणाला. "तू कर."

दादा परत आला. त्यानं खिशातून हात काढला आणि या वेळी पडद्याकडे नीट बघून, दोन्ही कळा सावकाश दाबल्या.